पंपिंग ४० टक्के आणि खुब्याचं ऑपरेशन

प्रश्न थोडक्यात असा: वडील ७१ वर्षांचे. काल बाथरूममध्ये घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. तीन वर्षांपूर्वी दोन स्टेंट टाकलेत, बीपी आणि शुगर आहे. टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ४० टक्के. हाडांचे डॉक्टर अर्धा सांधा बदलायचा म्हणतात. भूलतज्ज्ञांनी ‘हाय रिस्क’ म्हणून वेगळी सही मागितली आणि तिथून घरात दोन तट पडले. काकांचं म्हणणं, हृदयाला भूल पेलणार नाही, पायाला वजन लावून झोपवून ठेवू. तुम्ही विचारलंय की भुलीने हृदयाचं नेमकं काय होतं, कमरेतली भूल बरी की पूर्ण, आणि ऑपरेशन टाळता येईल का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तुमच्या हातात वेळ कमी आहे. टाळू नका, आणि जमेल तर पडल्यापासून ४८ तासांच्या आत करून घ्या. काकांची भीती मला समजते. पण हृदयाला ताण नको म्हणून ऑपरेशन टाळायचं आणि मोडक्या हाडाच्या कळांनी तेच हृदय रात्रंदिवस ११० च्या वेगाने पळवायचं, हा व्यवहार तोट्याचा आहे. त्यात भर म्हणून सहा-आठ आठवडे अंथरुणात. छातीत कफ साठून न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाणं. खुबा मोडलेली माणसं यांनीच जास्त जातात. थांबायची कारणं मोजकी: आत्ता छातीत दुखतंय, आडवं झाल्यावर दम लागतोय, नाडीचा वेग आवरत नाही, किंवा महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप फार अरुंद आहे अशी शंका आहे. तेव्हासुद्धा थांबायचं ते दुरुस्तीपुरतं, काही तास किंवा एखादा दिवस.

आता त्या ४० टक्क्यांबद्दल. गेली सत्तावीस वर्षं मी तालुक्याच्या गावात भूल देतोय आणि या आकड्याएवढी घबराट दुसऱ्या कुठल्याच आकड्याने होताना पाहिली नाही. लोकांना वाटतं हृदय शंभरातलं चाळीसच उरलं. तसं नाही. ठणठणीत हृदयसुद्धा आत भरलेलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, ५५ ते ६५ टक्केच टाकतं. समजण्यापुरता हिशेब करू. निरोगी कप्प्यात १२० मिलिलिटर भरलं आणि ७० बाहेर गेलं, हे झालं ५८ टक्के. तुमच्या वडिलांचा कप्पा थोडा पसरलेला असेल, त्यात १६० भरलं आणि ६४ बाहेर गेलं, तर टक्के ४० च. दर ठोक्याला मिळणारं रक्त मात्र जवळपास तेवढंच. म्हणून त्या आकड्याआधी मी घरच्यांना विचारतो, पडायच्या आदल्या आठवड्यात हे काय काय करत होते? दोन जिने न थांबता चढत होते का? जेजुरीच्या पायऱ्या चढताना किती वेळा टेकले? आषाढीला चार-पाच किलोमीटर चालले का? पंपिंग ४० असून शेतावर जाऊन येणारा माणूस मला पंपिंग ६० असून सोफ्यावरून न उठणाऱ्यापेक्षा परवडतो. इकोचा कागद हातात आला की माझी नजर टक्क्यांच्याही आधी झडपांवर जाते. अरुंद झडप असलेल्या माणसाचं बीपी अचानक पडलं तर ते वर आणणं फार जड जातं.

कमरेतली भूल घेऊ. पाठीच्या मणक्यांमधून बारीक सुई घालून, मज्जारज्जूच्या भोवतीच्या पाण्यात दोन-तीन मिलिलिटर औषध सोडतात. बहुतेक ठिकाणी ते बुपिव्हॅकेन असतं. त्याने पाय बधिर होतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच मुळांमधून रक्तवाहिन्यांना आवळून धरणाऱ्या बारीक नसाही जातात आणि बारीक म्हणून त्या आधी झोपतात. पेशंट म्हणतो, ‘डॉक्टर, पाय गरम वाटायला लागले.’ तो वाक्य संपवेपर्यंत मी बीपीचं बटण दाबलेलं असतं. पाय गरम झाले म्हणजे वाहिन्या सैल पडल्या. शरीरातलं जवळजवळ दोन तृतीयांश रक्त अशुद्ध रक्ताच्या शिरांमध्ये असतं. त्या शिरा सैल झाल्या की रक्त पायांत आणि पोटात साचतं, हृदयाकडे परत कमी येतं, आणि जे आलंच नाही ते हृदय पुढे ढकलणार कुठून? दीडशेचं बीपी पाच-दहा मिनिटांत नव्वदवर येतं. औषध छातीच्या वरच्या भागापर्यंत चढलं तर हृदयाला वेग देणाऱ्या नसाही बंद पडतात, मग नाडीसुद्धा ५० च्या खाली जाते. इथे बिघाड हृदयात नसतो, त्याच्याकडे येणाऱ्या पुरवठ्यात असतो.

जुन्या पद्धतीत यावर उपाय म्हणून आधीच एक-दीड लिटर सलाईन धावत लावायचे. मीही लावलंय. तरुण बाळंतिणीला ते खपतं, तुमच्या वडिलांना नाही. कारण दोन-तीन तासांनी भूल उतरते, सैल झालेल्या वाहिन्या पुन्हा आवळतात आणि ते सगळं पाणी एकदम हृदयाच्या दारात येतं. माझ्या उमेदवारीच्या काळातली एक रात्र अजून आठवते. टेबलावर सगळं छान, संध्याकाळी वॉर्डात आजोबा गप्पा मारत होते, आणि नऊच्या सुमाराला श्वासाबरोबर घरघर सुरू झाली. फुप्फुसात पाणी. सलाईनच्या बाटल्या मीच मोजून लावल्या होत्या. ते वाचले, पण तेव्हापासून कमकुवत हृदयाला मी बाटलीपेक्षा औषधाने सावरतो. फिनाइलएफ्रिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, आपल्याकडचं नेहमीचं मेफेन्टरमाइन, यातलं वाहिन्या आवळणारं काहीतरी आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवलेलं असतं. भुलीच्या औषधाचा डोसही कमी, तोही हळू.

पूर्ण भुलीत चढउताराचा क्रम वेगळा असतो. प्रोपोफॉल नावाचं दुधासारखं पांढरं औषध शिरेतून गेलं की अर्ध्या-एक मिनिटात माणूस झोपतो. ते वाहिन्या सैल करतं, हृदयाचा जोर थोडा कमी करतं आणि बीपी पडल्यावर नाडी वाढवून सावरण्याची शरीराची जी सवय असते तीही बोथट करतं. बीपी खाली येतं. मग घशात नळी घालायची वेळ. जिभेच्या मुळाशी धातूचं पातं टेकलं की शरीर झोपेतही खवळतं, अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, बीपी १८०, नाडी १२०. दोन-तीन मिनिटांत एकदा दरी आणि एकदा कडा. प्रोपोफॉलऐवजी एटोमिडेट वापरलं तर दरी उथळ होते, आधी फेंटॅनिल हे जोरदार वेदनाशामक दिलं तर कडा बुटका होतो. वयस्करांमध्ये रक्त औषध घेऊन मेंदूपर्यंत सावकाश पोचतं. घाई करून दुसरा डोस मारला की दोन्ही एकदम लागू पडतात. म्हाताऱ्या माणसाला भूल देताना हात आखडता ठेवणं आणि घड्याळाकडे बघत थांबणं, हेच शिकायला मला सगळ्यात जास्त वर्षं लागली.

हृदयाला दरीची जास्त भीती की कड्याची? दोन्हींची, आणि त्याचं कारण हृदयाच्या स्वतःच्या रक्तपुरवठ्यात आहे. डावा कप्पा आवळलेला असताना त्याच्या भिंतीतल्या वाहिन्या दाबल्या जातात, म्हणून त्याला स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या सैल वेळातच मिळतं. मिनिटाला ६० ठोके असतील तर एका ठोक्याला एक सेकंद, त्यातला साधारण दोन तृतीयांश हा सैल वेळ. वेग १२० झाला की सगळा कारभार अर्ध्या सेकंदात उरकायचा आणि कपात होते ती बहुतेक या सैल वेळातच. म्हणजे खर्च वाढला त्याच क्षणी आवक घटली. बाकीचं शरीर रक्तातला पाव भाग ऑक्सिजन घेऊन उरलेला परत पाठवतं, अडीनडीला जास्त घेतं. हृदय मात्र एरवीच पाऊण हिस्सा काढून घेतं, त्याच्याकडे शिल्लक फारशी नसते. त्यात वाहिनी आधीच अरुंद असेल तर रक्त पुढे सरकायला खालचं बीपीसुद्धा पुरेसं लागतं. म्हणून टेबलावर माझं लक्ष वरच्या आकड्यापेक्षा सरासरी बीपीवर असतं. ९५/५० ला ती सरासरी ६५ येते, आणि तिथून खाली मी हृदयरोग्याला राहू देत नाही. ज्याचं रोजचं बीपीच १६० आहे त्याला त्याहूनही वर ठेवतो.

भूल श्वास बंद पाडते की हृदय, यावरून एक मोठं भांडण आपल्या शेजारीच झालेलं आहे. १८४८ मध्ये इंग्लंडात हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचं नख काढताना क्लोरोफॉर्म या तेव्हाच्या भुलीच्या औषधाखाली दगावली. तेव्हापासून एडिंबरोवाले म्हणत श्वासावर लक्ष ठेवा, नाडीचं सोडा. लंडनवाले म्हणत क्लोरोफॉर्म हृदयच थांबवतं. एडिंबरोच्या परंपरेतला डॉक्टर एडवर्ड लॉरी हैदराबादला होता. निजामाच्या पैशावर तिथे १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले (मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता), शेकडो कुत्र्यांवर प्रयोग झाले, दुसऱ्या खेपेला लंडनहून डॉक्टर लॉडर ब्रंटन आले. त्या मंडळींत रूपाबाई फर्दूनजी होत्या, भूलशास्त्रातल्या जगातल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी एक. निष्कर्ष निघाला की श्वास नेहमी आधी थांबतो, हृदयाला थेट धोका नाही. तो चुकीचा होता. १९११ मध्ये लेव्ही नावाच्या डॉक्टरने दाखवलं की क्लोरोफॉर्म हलकं असताना, अंगात अ‍ॅड्रेनॅलिन उसळलं की हृदयाची लय तुटते आणि ते नुसतं थरथरत राहतं. हलकं असताना, हे महत्त्वाचं. भीतीने कापणारी, अर्धवट भुललेली मुलगी जास्त धोक्यात होती. क्लोरोफॉर्म केव्हाच गेलं, पण ‘हृदयाचा पेशंट आहे, भूल जरा कमीच द्या’ असं नातेवाईक आजही कानात सांगतात. कमी भूल म्हणजे कमी धोका, असा हिशेब नसतो.

मग कमरेतली की पूर्ण? माझा स्वतःचा कल तुमच्या वडिलांसाठी कमरेतल्या कमी डोसच्या भुलीकडे आहे. नळीचा कडा टळतो, कळ जाते, माणूस बोलत असतो आणि छातीत काही झालं तर सांगू शकतो. पण हा कलच समजा. खुबा मोडलेल्या १६०० रुग्णांवरचा रीगेन नावाचा अभ्यास २०२१ मध्ये आला. त्यात ६० दिवसांनी जगणं आणि चालता येणं या बाबतीत कमरेतली भूल सरस ठरली नाही. तेव्हा तुमचे भूलतज्ज्ञ पूर्ण भूल म्हणाले तर वाद घालू नका. ते जे रोज सफाईने करतात ते त्यांना करू द्या. वडील क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी घेत असते तर पाठीत सुई घालताना आत रक्त साठायचा धोका असतो, ती गोळी पाच ते सात दिवस बंद लागते, आणि तेवढं थांबण्यापेक्षा पूर्ण भूल बरी. तुम्ही पाठवलेल्या यादीत नुसती इकोस्प्रिन, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, आहे. तिची अडचण नाही, ती चालू राहू दे.

ऑपरेशनचे स्वतःचेही धक्के असतात. साठ किलोच्या माणसात रक्त चार लिटरच्या थोडं वर. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये जाणारं रक्त तसं आटोक्यातलं, पण आधीच ९ हिमोग्लोबिन असेल तर तेही जाणवतं. हृदयरोग्याला ८ च्या आसपास आलं की मी रक्त मागवतो. खरा जपायचा क्षण सिमेंटचा. कृत्रिम गोळ्याचा दांडा मांडीच्या हाडात बसवण्याआधी आत सिमेंट दाबून भरतात. त्या दाबाने मज्जेतली चरबी, हवा, बारीक गुठळ्या रक्तात ढकलल्या जातात आणि थेट फुप्फुसात अडकतात. उजव्या कप्प्यावर एकदम भार येतो, ऑक्सिजन आणि बीपी दोन्ही घसरतात. बहुतेकांना हे सौम्य होतं, क्वचित जिवावर बेततं. चांगला सर्जन त्याआधी पोकळी धुऊन कोरडी करतो आणि मोठ्याने सांगतो, ‘सिमेंट घालतोय.’ मी ऑक्सिजन वाढवतो, बीपीचं औषध हातात घेतो. सिमेंटशिवायचा सांधाही असतो. पण ठिसूळ हाडात सिमेंटचा बसतो घट्ट, आणि माणूस लवकर पायावर उभा राहतो. तो निर्णय सर्जनवर सोडा.

  

टेबलावरच्या या सगळ्या चढउतारांत एक दिलासा असतो: कुणीतरी शेजारी बसून दर मिनिटाला बघत असतं. तुम्ही विचारलं नाही, पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं. ऑपरेशननंतरचा हृदयविकाराचा झटका बहुतेक वेळा टेबलावर येत नाही. तो पहिल्या दोन-तीन दिवसांत येतो, वॉर्डात, जेव्हा नातेवाईक ‘सुटलो’ म्हणून घरी झोपायला गेलेले असतात. आणि तो चोरपावलांनी येतो, बहुतेकांना छातीत दुखतच नाही. वेदनाशामकं चालू असतात, मधुमेहाने नसा बोथट झालेल्या असतात. नुसतं बीपी थोडं कमी, थोडा दम, थोडी असंबद्ध बडबड. वॉर्डात म्हणतात, वय झालंय, भुलीचा अंमल आहे.

तेव्हाच का? कारण शरीर ऑपरेशनला जखम समजतं. तणावाची संप्रेरकं दिवसेंदिवस चढी राहतात, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते, नाडी वाढते. गार ऑपरेशन थिएटरातून बाहेर येताना हुडहुडी भरली तर ऑक्सिजनची गरज कित्येक पट वाढते (गोधडी बरोबर न्या, हसू नका). हिमोग्लोबिन उतरलेलं असतं. झोपेत श्वास उथळ होतो. सूज म्हणून अंगात मुरलेलं पाणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत रक्तात यायला लागतं, आणि त्याच सुमाराला काहींची नाडी अनियमित होते. एकेक गोष्ट किरकोळ, पण अरुंद वाहिनीच्या हृदयाला या सगळ्या एकाच आठवड्यात भेटतात.

म्हणून भूलतज्ज्ञांशी बोलाल तेव्हा ‘फिटनेस मिळेल का’ एवढंच विचारू नका. पहिल्या रात्री मॉनिटर असलेली खाट मिळणार का? ऑपरेशनआधी एकदा आणि नंतर दोन-तीन दिवस रोज ट्रोपोनिन करता येईल का? हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ते प्रथिन आहे, आणि न दुखणारा झटका पकडायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. मांडीच्या वरच्या बाजूला नसेजवळ बधिर करायचं इंजेक्शन देता येईल का? ते आज, ऑपरेशनआधीच दिलं तरी कळ आणि नाडी दोन्ही उतरतात. रात्री नाकाला ऑक्सिजन राहील का? पायात गाठ होऊ नये म्हणून पोटावर टोचायचं इंजेक्शन केव्हा सुरू करणार? दुसऱ्या दिवशी उभं करणार का?

यादीतल्या बाकीच्या गोळ्या. नाडी आवरणारी मेटोप्रोलॉल वडील वर्षानुवर्षं घेतात, ती ऑपरेशनच्या सकाळीही द्यायची. अचानक बंद केली तर नाडी उसळते. मात्र शेजारच्या कुणाला बघून नवी सुरू करू नये. पॉइज नावाच्या अभ्यासात, २००८ मध्ये, ८३५१ रुग्णांपैकी निम्म्यांना ती ऑपरेशनच्याच दिवशी मोठ्या डोसने सुरू केली होती. हृदयाचे झटके घटले, पण अर्धांगवायू आणि मृत्यू वाढले, कारण बीपी पडलं. कोलेस्टेरॉलची गोळी चालू. बीपीची टेल्मिसार्टन त्या दिवशी नको, तिच्यावर भूल दिली की पडलेलं बीपी हट्टी होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बीपी स्थिर झालं की परत सुरू करायची आठवण मात्र तुम्हीच ठेवा, डिस्चार्जच्या कागदावर ती हटकून विसरली जाते. शुगरची डापाग्लिफ्लोझिन आजपासूनच बंद. एरवी तीन दिवस आधी बंद करतात, इथे तेवढी सवड नाही. म्हणून भूलतज्ज्ञांना ती गोळी सुरू होती हे तोंडी सांगा, ते कीटोन तपासतील. साखर बरी दिसत असतानाही त्या गोळीने रक्तात आम्ल साचू शकतं.

त्या वेगळ्या सहीचं म्हणाल तर मीही ती घेतो. ती घेताना मी नातेवाइकांना खुर्ची देतो आणि वर लिहिलेलं बहुतेक सगळं सांगतो. तुमच्या भूलतज्ज्ञांकडे वेळ नसेल तर दहा मिनिटं मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. सही मागणारा भूलतज्ज्ञ घाबरलेला आहे असं समजू नका. मला स्वतःला ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्याची जास्त काळजी वाटते.

आणि उपवास. इथे घरचे आणि वॉर्डातले मिळून फार घोटाळा करतात. रात्री आठला जेवण, मग ‘पाण्याचा थेंब नाही’, आणि नंबर लागतो दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला. अठरा तास सुकलेल्या माणसाच्या शिरा आधीच रिकाम्या, त्यात कमरेतली भूल दिली की बीपी कुठल्या कुठे जातं. हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत चालतं, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. मेटोप्रोलॉल आणि इकोस्प्रिन त्याच पाण्याच्या घोटाबरोबर द्या. आज संध्याकाळी सिस्टरना भेटून उद्याच्या यादीत वडिलांचं नाव पहिलं लावून घ्या, आणि किती वाजता घेणार ते विचारून त्यावरून पाण्याची वेळ ठरवा.